किनारा धरून जाताना

समुद्रप्रवासाचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्यात नौका बंदर सोडते, किनारा क्षितिजाआड जातो आणि पुढचे कित्येक दिवस पाणी, आकाश व होकायंत्र एवढ्यांशीच तिचा संबंध उरतो. दुसऱ्यात किनारा नजरेच्या टप्प्यात ठेवून, एका बंदरातून निघून पुढच्या बंदरात मुक्काम करीत, नौका टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पहिला प्रकार साहसाचा आणि दुसरा सोपा, असा सर्वसाधारण समज आहे, कारण जमीन जवळ असली की माणसाला हायसे वाटते. शिडाच्या नौकेच्या बाबतीत मात्र हा समज बराचसा उलटा करून घ्यावा लागतो. खोल समुद्रात वारा वाढला तरी नौकेला वाहवत जायला जागा असते, किनाऱ्यालगत ती नसते; आणि तारवे फुटतात ती बहुधा जमिनीमुळेच, म्हणजे खडपावर आदळून किंवा खाडीच्या मुखाशी वाळूत रुतून. पाणी, विसावा आणि दिशा यांसाठी किनारी नाविकाला जमीन सतत हवी असते आणि त्याच वेळी तिच्यापासून अंतरही राखावे लागते. मुंबईपासून पणजीपर्यंतच्या कोकणकिनाऱ्यावर हे दुहेरी नाते शेकडो वर्षे निभावले गेले आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज तिथली बंदरे, दुर्ग आणि माणसे नेमकी त्या त्या जागी का आहेत हे नीटसे उलगडत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी रूढ मोजणीनुसार सुमारे ७२० किलोमीटर मानली जाते. सह्याद्री समुद्रापासून फार दूर नसल्यामुळे कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या आखूड आणि वेगवान आहेत. मात्र समुद्राला मिळण्यापूर्वी त्यांची मुखे रुंदावतात आणि भरतीचे खारे पाणी त्यांत बरेच आतपर्यंत शिरते. नदीच्या या खाऱ्या, भरती-ओहोटीच्या भागाला खाडी म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, राजापूरची अर्जुना, वाघोटण, कर्ली आणि तेरेखोल अशा खाड्यांची माळच लागते. किनारा जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण असल्याने इथे अंतर मोजण्याची एक सोय आपोआप होते. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एका सागरी मैलाएवढी असते आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो; त्यामुळे दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की त्यांच्यातले अंतर हाती येते. या हिशेबाने जयगडहून रत्नागिरी सुमारे १८ सागरी मैलांवर, रत्नागिरीहून विजयदुर्ग सुमारे २६, विजयदुर्गहून देवगड सुमारे १० आणि देवगडहून मालवण सुमारे २० मैलांवर आहे. ताशी ४ सागरी मैल, म्हणजे ४ नॉट, या बेताच्या वेगाने जाणारी शिडाची नौका यांतला कोणताही टप्पा दिवसाउजेडी ओलांडू शकते. बंदरांची ही वाटणी कोणी आखून केलेली नाही. नद्यांनी ती केली आणि नाविकांनी तिच्यात आपला दिवस बसवला.

दिवस कसा बसवायचा हे वारा ठरवतो. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा थेट किनाऱ्यावर आदळतो, त्यामुळे शिडाच्या वाहतुकीला हे चार महिने पूर्वी बंदच असत. तारवे किनाऱ्यावर ओढून घेऊन झापांनी शाकारली जात आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यावरच नव्या हंगामाची भाषा सुरू होई. पावसाळा सरला की समुद्र शांत होतो आणि वाऱ्याला दैनंदिन लय येते. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटेस जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहू लागतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दिवस चढला की जमीन तापते आणि दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो, जो या किनाऱ्यावर बहुधा वायव्येकडून असतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेला हे दोन्ही वारे अनुकूल पडतात, कारण पहाटेचा वारा बाजूने मिळतो आणि दुपारचा मागच्या अंगाने. उत्तरेकडे परतणाऱ्याला मात्र दुपारचा वारा तोंडावर घ्यावा लागतो. वाऱ्याच्या थेट विरुद्ध कोणतेही शीड चालत नाही. नौकेला डावी-उजवीकडे तिरके वळत, नागमोडी मार्गाने पुढे जावे लागते. जुन्या कोकणी तारवांचे शीड एका लांब तिरक्या वाशाला बांधलेले असे आणि बाजू बदलताना तो वासा डोलकाठीच्या पलीकडे न्यावा लागे, त्यामुळे प्रत्येक वळण म्हणजे सगळ्या खलाशांची कसरतच होती. म्हणून परतीच्या वाटेवर शहाणा तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, मतलई वाऱ्याचे तास वाया जाऊ देत नसे आणि दुपारी जवळच्या आडोशाला नांगर टाकणे पसंत करी.

वाऱ्याच्या घड्याळाच्या जोडीला भरतीचे दुसरे घड्याळ असते आणि दोघांची गती सारखी नसते. कोकणात दिवसाला दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. पूर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढते व उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा चढउतार सर्वांत कमी असतो, तो भांग. उधाणाचा चढउतार मुंबईत चार-पाच मीटरपर्यंत जातो आणि दक्षिणेकडे सरकावे तसा घटत गोव्यापाशी दोन मीटरच्या आसपास येतो. भरतीची वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावर एक तोंडी कोष्टक चालत आले आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. पंधरा तिथींमध्ये भरती बारा तास पुढे जात असल्यामुळे दर तिथीला ४८ मिनिटे पडतात, आणि त्याऐवजी ४५ धरल्याने येणारी चूक लहान नौकेच्या कामापुरती चालून जाते. छापील कोष्टके हाताशी नसलेल्या माणसांनी पंचांगातून बंदराचे वेळापत्रक तयार केले होते.

ही दोन घड्याळे जुळतात तेव्हा प्रवास विलक्षण सुकर होतो. पूर्णिमेच्या सुमारास मध्यरात्री भरती पूर्ण होते, त्यानंतर पाणी खाडीतून बाहेर वाहू लागते आणि त्याच वेळी मतलई वाराही बाहेरच्याच दिशेला असतो. तीन-चार वाजता नांगर उचलणारी नौका ओहोटी आणि वारा या दोहोंच्या आधाराने, मावळतीकडे झुकलेल्या चंद्राच्या प्रकाशात समुद्रात येते आणि दुपारच्या भरतीला पुढच्या खाडीच्या मुखाशी पोहोचते. अष्टमीला हे गणित उलटते. सकाळी निघणे सोपे असते, पण दुपारी पुढच्या बंदरापाशी येईतो तिथे पूर्ण ओहोटी असते आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच खोळंबावे लागते. उशीर करणेही महागात पडते, कारण उधाणाच्या दिवशी दुपारी खाडीचे पाणी जोराने बाहेर येत असते आणि खारा वारा त्याच्या विरुद्ध लाटा लोटत असतो. या टकरीत मुखाशी लाटा उभ्या राहून फुटतात आणि एरवी निरुपद्रवी असलेली जागा तासा-दोन तासांसाठी धोक्याची होते. किनारी नाविकाचे कौशल्य वेगापेक्षा वेळेच्या निवडीत अधिक असते, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे ठरत नाही.

वाट ओळखण्याचे कामही जमिनीकडूनच होते. उपग्रहावर चालणारी दिशादर्शक यंत्रे येण्यापूर्वी डोंगराचा विशिष्ट उंचवटा, देवळाचे शिखर, माडांची राई, दीपस्तंभ आणि दुर्गाचा बुरूज यांच्या खुणा तांडेलाला पाठ असत. दोन खुणा एका रेषेत आल्या की नौका खडपाच्या बाहेर आहे किंवा खाडीत वळण्याची जागा आली, असे ताडता येई. मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावरचा १८६७ सालचा दीपस्तंभ अशा खुणांमधला एक. रायगड जिल्ह्यातला काळा बेसाल्ट खडक मागे पडून रत्नागिरीच्या आसपास तांबूस जांभ्याचे सपाट माथे, ज्यांना कोकणात सडे म्हणतात, समुद्रावर कड्यासारखे उतरू लागतात, आणि किनाऱ्याच्या या बदलत्या रंगावरूनही आपण कुठवर आलो याचा अंदाज बांधता येतो. मात्र पश्चिमाभिमुख किनारा दिवसभर सारखा दिसत नाही. सकाळी सूर्य डोंगरामागे असल्याने सारी जमीन एक करडी, सपाट आकृती होऊन जाते आणि जवळची टेकडी कोणती व लांबची कोणती ते कळत नाही. दुपारनंतर ऊन समोरून पडते आणि तीच जमीन बुरूज, घळी व वाड्यांसह स्पष्ट होते. अनोळखी बंदरात सूर्य पश्चिमेला कलल्यावर, पण उजेड असताना शिरावे, हा संकेत यातूनच येतो, आणि कित्येकदा तो भरतीच्या गणिताशी भांडतो. तेव्हा कोणत्या गोष्टीला मान द्यायचा हे नौकेच्या बुडाची खोली आणि तांडेलाची त्या खाडीशी असलेली ओळख यांवर ठरते.

खाडीशी ओळख ही एकदाच करून संपणारी गोष्ट नाही, कारण खाड्या बदलत असतात. नदी गाळ आणते, लाटा वाळू लोटतात आणि दोघींच्या जोरात मुखाशी वाळूचा बुडालेला बांध तयार होतो, ज्याच्यावर ओहोटीला जेमतेम पाणी राहते आणि ज्याच्यातली खोल वाट पावसाळ्यानंतर जागा बदलू शकते. बंदराला जन्म देणारी नदीच पुढे त्याला बुजवते, ही या किनाऱ्याच्या इतिहासातली वारंवार घडलेली गोष्ट आहे. कुंडलिकेच्या मुखावरचे चौल इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनातही येते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी तिथे उतरला आणि १५०८ साली तिथल्याच पाण्यात पोर्तुगीज आरमाराचा मोठा पराभव झाला. आज ते माडा-पोफळींच्या बागांचे गाव आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ बहामनी आणि आदिलशाही काळात पश्चिम आशियाशी व्यापार करणारे प्रमुख बंदर होते. राजापूर तर समुद्रापासून बरेच आत, आणि तरीही सतराव्या शतकात इंग्रजांची वखार तिथे होती, कारण व्यापारी तारवे खाडीतून शहरापर्यंत येत. पुढे गाळाने वाट उथळ होत गेली आणि बंदराचे काम मुखाजवळच्या जैतापुराकडे सरकले. बंदर म्हणजे कायमची वास्तू असे जमिनीवरून वाटते. समुद्रावरून पाहणाऱ्याला तो नदी आणि लाटा यांच्यातला काही शतकांपुरता समझोता दिसतो.

पेरिप्लसच्या लेखकाने हा किनारा बंदरांच्या क्रमाने मांडला आहे, आणि चौलनंतरच्या काही नावांच्या ओळखीबद्दल विद्वानांत मतभेद असले तरी मांडणीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. राज्यांच्या सीमा त्या वर्णनात मधूनमधून येतात, पण त्याचा कणा बंदरांचा आहे. हाच क्रम पुढे दुर्गांमध्ये दगडाचा झाला. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखावर जयगड, मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड, जैतापूरच्या खाडीवर यशवंतगड, वाघोटणच्या मुखावर विजयदुर्ग ही यादी पाहिली की हे दुर्ग एकाकी नसून एका दिवसाच्या शिडाच्या टप्प्यांवर उभी असलेली नाकेबंदीची ठाणी आहेत हे ध्यानात येते. समुद्रात भिंत बांधता येत नाही. पण पाणी भरण्यासाठी, वारा टाळण्यासाठी किंवा भरतीची वाट पाहण्यासाठी प्रत्येक नौकेला कुठेतरी थांबावेच लागते आणि ज्याच्या हाती थांबण्याची जागा त्याच्या हाती समुद्र. पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालवले, तेव्हा दोघांच्याही सत्तेचा पाया हाच होता. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले आणि १६६५च्या फेब्रुवारीत मालवणहूनच दक्षिणेकडे बसरूरवर आरमारी स्वारी नेली, ती वायव्येचा वारा पाठीशी असण्याच्या हंगामात. मालवणच्या बंदराला बुडीत खडकांचा जो वेढा आहे तो परक्या नौकेला अडथळा आणि वाट ठाऊक असलेल्याला तटबंदी; सिंधुदुर्गाची जागा निवडताना त्या खडकांचाही विचार झाला असणार. विजयदुर्गजवळ गिर्ये येथे जांभा कोरून केलेली गोदी आजही दिसते, आणि ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या अशा जागेत तारवांची डागडुजी करण्याची कल्पना भरतीच्या चढउतारालाच कामाला लावणारी आहे.

मुक्कामाच्या बंदरात नांगर टाकल्यावर वेगळे जग सुरू होते. नांगरावरची नौका वारा आणि प्रवाह यांच्याप्रमाणे फिरत राहते, म्हणून साखळी किती सोडायची आणि शेजारच्या नौकेपासून किती अंतर ठेवायचे याचा विचार ओहोटीच्या पाण्याच्या हिशेबाने करावा लागतो. भरतीला भरपूर वाटणारे पाणी पहाटे बुडाखालून निघून जाऊ शकते. हर्णैसारख्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव पुळणीवर भरतो आणि होड्या, बैलगाड्या, टोपल्या व बर्फ यांच्या त्या गर्दीत बाहेरून आलेल्याला पाण्यापासून हवामानापर्यंतची सगळी खबर मिळते. उत्तरेकडचे कोळी, मधल्या भागातले खारवी व दालदी आणि दक्षिणेकडचे गाबीत या समाजांच्या बोलीत, होड्यांच्या बांधणीत आणि जाळ्यांत फरक असतो, त्यामुळे बंदर बदलले की वस्तूंची नावेही बदलतात. या माणसांशी बोलणे हे निव्वळ सौजन्य नसते. उत्तरेकडच्या भागात प्रवाहाच्या तोंडाशी खुंटाला बांधलेली डोल जाळी आणि रात्री समुद्रात पसरलेली तरंगती जाळी हा शिडाच्या नौकेपुढचा आजचा सर्वांत मोठा व्यावहारिक धोका आहे, आणि ती कुठे लावली आहेत हे कोणत्याही नकाशात छापलेले नसते.

जमिनीवरून प्रवास करणाऱ्याच्या मनातला कोकणचा नकाशा याहून अगदी निराळा आहे. रस्त्याला खाडी हा खंड वाटतो; पूल होईपर्यंत तिला वळसा घालावा लागतो किंवा आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा फेरीबोटींची वाट पाहावी लागते. या फेरीबोटी जुन्या समुद्रमार्गाला काटकोनात, एका तीरावरून दुसऱ्यावर जातात. शिडाच्या काळी तीच खाडी गावाचे दार होती आणि दोन खाड्यांमधला सडा हा खंड होता. आगबोटींनी हा बंदरक्रम विसाव्या शतकातही बराच काळ जिवंत ठेवला. पुढे महामार्ग आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांनी वाहतूक डोंगराच्या बाजूला ओढली, आणि ज्या गावांचे तोंड पश्चिमेला होते त्यांची पाठ पश्चिमेला झाली. यात हळहळण्यासारखे सगळेच नाही, कारण जुना प्रवास हंगामी, अनिश्चित आणि अनेकदा जीवघेणा होता. पण वाहतूक हलली तेव्हा तिच्यासोबत एक संपूर्ण शिस्तही निरुपयोगी ठरली. इंजिनावर चालणाऱ्या मासेमारी नौकेला वाऱ्याची मनधरणी करावी लागत नाही, तिच्या तांडेलाला जाळी आणि मासा कळतो, मात्र शिडाचे व्याकरण त्याच्या आजोबांबरोबर गेलेले असते.

शिडाचे कौशल्य दुसऱ्या दिशेने परत आले आहे, हेही नोंदवले पाहिजे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये चार बंदरांत थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये कुठेही न थांबता ती केली आणि २०१७–१८ मध्ये ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला फेरी घातली. एका कोकणी नदीचे नाव धारण करणारी नौका दक्षिण महासागर ओलांडून येते ही गोष्ट अभिमानाची आहेच. परंतु न थांबता केलेला प्रवास हा अधिक शुद्ध आणि थांबत केलेला कमी प्रतीचा, अशी जी प्रतवारी नकळत केली जाते ती किनारी प्रवासाला लागू होत नाही. महासागर ओलांडणाऱ्याची कसोटी सहनशक्तीची असते आणि बंदरे ही त्याला पडलेली खीळ ठरू शकतात. किनारा धरून जाणाऱ्याच्या बाबतीत प्रत्येक बंदरात शिरणे आणि निघणे हीच कसोटी असते आणि मधला समुद्र हा दोन परीक्षांमधला अवकाश.

या प्रवासातून हाती लागणारे ज्ञान मोठ्या सिद्धान्ताचे नाही. कोणत्या तिथीला कोणती खाडी मोकळी असते, दुपारी कोणत्या टेकडीआड वारा पडतो, कोणत्या मुखाशी यंदा वाळू सरकली आहे अशा स्थानिक तपशिलांचे ते आहे, आणि ते एका माणसाकडे पूर्ण नसते. प्रत्येक बंदर आपला हिस्सा देते आणि तो पुढच्या हंगामात पुन्हा तपासावा लागतो. कोकणच्या इतिहासाचे लेखन बरेचसे घाटावरून, स्वाऱ्या आणि तहांच्या क्रमाने झाले आहे, आणि तिथून पाहताना दुर्ग लढायांची ठिकाणे म्हणून तर बंदरे उत्पन्नाच्या बाबी म्हणून नोंदली गेली आहेत. त्या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे वारा, भरती आणि थांबण्याची गरज. तो कागदपत्रांत सहसा सापडत नाही, कारण तो लिहिणाऱ्यांनी समुद्रावर क्वचितच वापरला आणि वापरणाऱ्यांनी लिहिला नाही. म्हणून आज शिडाच्या लहान नौकेतून रेवदंड्याहून वेंगुर्ल्यापर्यंत जाणे ही हौस असली तरी ते अभ्यासाचे एक साधनही ठरू शकते: खाडीबाहेर भरतीसाठी ताटकळणाऱ्याला मुखावरचा बुरूज नेमका त्याच टेकाडावर का बांधला, हे कोणत्याही बखरीपेक्षा लवकर समजते.